सड्यावरचा ड्रायव्हर : निवडीच्या नोंदी

२ नोव्हेंबर २०२५, रविवार

संध्याकाळी तुळशीचं लग्न, म्हणून सड्यावर, म्हणजे गावाच्या जांभ्या दगडाच्या पठारावर, सकाळी सातलाच हजर झालो. गवत अजून गुडघाभर आहे, शेंडे मात्र वाळायला लागलेत. मंडळाच्या बैठकीत ठरलेलं काम असं: आपल्या सहा होलच्या डिस्क गोल्फ मैदानासाठी एक फेअरवे ड्रायव्हर, म्हणजे लांब फेकायची डिस्क, नक्की करायचा, त्याच मॉडेलच्या डिस्क मागवायच्या आणि नव्या पोरांना त्यावरच शिकवायचं. जवळून टाकायची पटर आणि मधल्या अंतराची मिडरेंज यांवरून कुणाचं भांडण नाही. भांडण ड्रायव्हरवरून आहे. ज्याला जी मिळाली ती त्यानं आणली, आणि आता दर रविवारी खेळण्यापेक्षा शोधाशोध जास्त होते.

वही नव्यानं वाचणाऱ्यांसाठी दोन ओळी. डिस्क गोल्फमध्ये चेंडूच्या जागी तबकडी आणि भोकाच्या जागी साखळ्या लावलेली लोखंडी टोपली. कमीत कमी फेकींत तबकडी टोपलीत पडली पाहिजे. १९७५ साली कॅलिफोर्नियातल्या ओक ग्रोव्ह पार्कात एड हेड्रिकनं मैदान आखलं तेव्हा लक्ष्य म्हणून नुसते खांबच होते. त्यामुळे आपल्याकडे टोपल्या दोनच आणि बाकी ठिकाणी माडाचे ओंडके पुरलेत याची लाज बाळगायचं कारण नाही.

निवड ठरणार ती तिसऱ्या होलवर. टीपासून, म्हणजे पहिली फेक टाकायच्या जागेपासून, ओंडक्यापर्यंत फित्यानं ८२ मीटर. डावीकडे जुनी चिरेखाण, पावसाचं पाणी अजून काठोकाठ. उजवीकडे काजूची बाग आणि तिचा गडगा, म्हणजे दगड रचून केलेलं कुंपण. मधली मोकळी पट्टी सगळ्यात अरुंद जागी वीसेक मीटर असेल. ड्रायव्हर बहुतेक पाण्यात बुडतात, तरंगणारे अगदी निवडक. खाणीत गेली की गेली. खाणीत उतरायचं नाही असा नियम मंडळानं आधीच केलाय आणि तो योग्य आहे. चिरे काढताना भिंती उभ्या कापलेल्या असतात, आत पडलेल्याला वर यायला पाय ठेवायची जागा नसते.

वहीत रकाने तीन: कुठे वळली, कुठे बसली, वारा कुठून. किती लांब गेली हा चौथा रकाना भाच्यानं मागितला होता. दिला नाही. लांबी मोजायला लागलं की सगळे जोर काढतात आणि डिस्क राहते बाजूला, दंडाची परीक्षा होते.

५ नोव्हेंबर, बुधवार

हाताशी असलेल्या डिस्क खाटेवर मांडून आकडे उतरवून घेतले. चार आकड्यांची ही पद्धत डिस्क बनवणाऱ्या इनोव्हा कंपनीची: स्पीड, ग्लाइड, टर्न, फेड. उजव्या हाताचा बॅकहँड धरून वाचायचे. स्पीड म्हणजे डिस्क नीट उडायला किती वेग मागते. ग्लाइड म्हणजे किती तरंगते. टर्न म्हणजे सुरुवातीच्या वेगात उजवीकडे किती कलते. उणे आकडा जितका मोठा तितकी जास्त. फेड म्हणजे वेग ओसरल्यावर डावीकडे किती ओढते.

लेपर्ड: ६, ५, उणे २, १. टीबर्ड: ७, ५, ०, २. थंडरबर्ड: ९, ५, ०, २. फायरबर्ड: ९, ३, ०, ४. मावसभाऊ बोटीवर असतो, तो डिसेंबरात सुट्टीवर येताना टीएल आणतोय: ७, ५, ०, १.

आपल्याला स्टेबल हवी, म्हणजे टर्न शून्याच्या आसपास आणि फेड एक-दोन. फायरबर्ड ओव्हरस्टेबल, म्हणजे डावीकडे जोरात ओढणारी; लेपर्ड अंडरस्टेबल, म्हणजे उजवीकडे सहज कलणारी. त्यांची कामं निराळी. उरतात टीबर्ड, टीएल आणि थंडरबर्ड. कागदावर काम अर्धं झालं.

पण हे आकडे कुणा त्रयस्थानं मोजलेले नाहीत. पीडीजीए ही खेळाची संघटना डिस्कला मान्यता देते ती व्यास, वजन, कडेची रुंदी असल्या गोष्टी तपासून. उडण्याचे आकडे कंपनी आपले आपण छापते. दुसऱ्या कंपनीची ७, ५, ०, २ इनोव्हाच्या ७, ५, ०, २ सारखीच उडेल याची हमी कुणी देत नाही. कंपनी राहू दे, एकाच मॉडेलच्या दोन प्लास्टिकमधल्या डिस्क सारख्या नसतात, हे खाटेवरच दिसतं. टिकाऊ चॅम्पियन प्लास्टिकची टीबर्ड ठेवली तर तिची पाठ जवळपास सपाट. स्वस्त डीएक्स प्लास्टिकच्या टीबर्डवर तळहात ठेवला की मधला फुगवटा लागतो. सपाट पाठीची साधारणपणे जास्त ओढते, फुगीर पाठीची जास्त तरंगते. आकडे मात्र दोघींचे तेच छापलेले.

९ नोव्हेंबर, रविवार

सकाळचा वारा पूर्वेकडून, जमिनीवरचा, शेंडे हलतील इतकाच. तिसरा होल पश्चिमेला तोंड करून असल्यामुळे वारा पाठीवर.

फेकणारे आम्ही चौघं: मी, भाचा, पुतणी आणि शाळेतले मास्तर. मास्तर डावखुरे, त्यांचं सगळं आरशात बघायचं, म्हणून त्यांच्या नोंदी वेगळ्या पानावर.

भाचा तालुक्याच्या क्रिकेटमध्ये जलद गोलंदाज. लेपर्ड त्याच्या हातून सुटली की थोड्याच अंतरावर उजवीकडे कलायला लागते आणि सरळ काजूत घुसते. माझ्या हातून तीच लेपर्ड नाकासमोर जाते आणि शेवटी जराशी डावीकडे बसते. पुतणी नववीत. तिच्या हातून ती उजवीकडे कलतसुद्धा नाही. डिस्क एक, वागणूक तीन. छापलेला आकडा विशिष्ट वेगासाठी असतो. तेवढा वेग मिळाला नाही तर कुठलीही डिस्क आकड्यापेक्षा जास्त ओव्हरस्टेबल वागते.

म्हणूनच थंडरबर्डचं प्रकरण आजच मिटलं. भाच्याच्या हातून बघत राहावी अशी गेली. माझ्या हातून सुटल्या सुटल्या खाणीची वाट. टर्न आणि फेड टीबर्डचेच, पण स्पीड नऊला लागणारा वेग माझ्या हातात नाही, आणि मंडळातल्या बहुतेकांचा हात माझ्यासारखाच आहे. नऊ स्पीडच्या सगळ्या बाद.

"मामा, तुझ्या हातासाठी अख्ख्या गावानं सातवर थांबायचं?"

"थांबायचं."

त्याला वाटतं सात म्हणजे पोराटोरांचं. केन क्लायमो १२ वेळा जगज्जेता झाला आणि त्याच्या नावाची टीबर्ड इनोव्हानं बाजारात आणली, एवढं सांगितल्यावर गप्प बसला. पटलं नसेल.

टीबर्ड डीएक्सबद्दल आज जे दिसलं ते नीट लिहून ठेवतो. माझ्या हातून सुटताना कड जमिनीला समांतर होती. गडग्यातली मोडकी चौकट लागते तिथपर्यंत डिस्क रेघेवर होती. चौकट ओलांडली, फिरकी ऐकू येईल इतपत वेग उतरला, आणि डावी कड आधी बोटभर खाली गेली, मग तळहाताएवढी. बसली ती ओंडक्याच्या डावीकडे चार-पाच पावलांवर, खाणीपासून चांगली लांब. पुढच्या फेकीही त्याच अंगणाएवढ्या जागेत पडल्या. मला डिस्ककडून हवं होतं ते हेच. ओंडक्याच्या उजवीकडे नेम धरायचा आणि उरलेलं तिच्यावर सोडायचं.

१५ नोव्हेंबर, शनिवार

रंगाचा प्रश्न. तांबडी, नारिंगी, पिवळी डिस्क मागवायची नाही. चिऱ्यावर तांबडी दिसत नाही, वाळक्या गवतात पिवळी दिसत नाही. चॅम्पियन प्लास्टिक अर्धपारदर्शक असतं, त्यातला फिका रंग तर गवतात विरघळूनच जातो. निळी किंवा गडद गुलाबी. काजूच्या पाचोळ्यातही गुलाबी उठून दिसते.

आणि सगळ्यांना पुन्हा एकदा: चिऱ्याच्या ढिगात किंवा गडग्याच्या भेगेत हात घालायचा नाही. सड्यावर फुरशी आहेत. आधी काठीनं हलवा, मग वाका.

१६ नोव्हेंबर, रविवार

मुद्दाम दुपारी गेलो. तीनपर्यंत समुद्राकडचा वारा चांगलाच उठला होता, तिसऱ्या होलवर सरळ तोंडावर. सकाळी पाठीवर, दुपारी तोंडावर. या दिवसांत सड्यावर हे रोजचंच. डिस्क निवडताना दोन्ही वेळा धरल्या पाहिजेत.

लेपर्ड आज माझ्याही हातून उजवीकडे गेली. भाच्याच्या हातून तर पूर्ण कलंडून कडेवर उभी राहिली आणि चाकासारखी गडग्यापर्यंत गडगडत गेली. टीबर्ड डीएक्स त्याच्या हातून थोडी उजवीकडे झुकली, सावरली, मधेच बसली. चॅम्पियननं वाऱ्याची दखलच घेतली नाही. माझ्या हातून दोन्ही टीबर्ड दोरी धरल्यासारख्या सरळ, शेवटची डावी ओढ जवळजवळ नाहीच.

पुतणीनं विचारलं, "काका, वारा समोरून आला तर डिस्क बाजूला का जाते? मागे यायला हवी ना?" प्रश्न चोख होता. मास्तरांनी पडलेल्या चिऱ्यावर कोळशानं आकृती काढली.

उडणाऱ्या डिस्कला हवा वर उचलते, पण तो जोर नेमका मध्यावर लागत नाही. डिस्क वेगात असते तेव्हा ती हवेला जवळपास सपाट कापते आणि उचलणारा जोर मध्याच्या मागे पडतो. म्हणजे हवा तिचं नाक खाली दाबू बघते. डिस्क फिरत नसती तर नाक खरंच खाली गेलं असतं. फिरणाऱ्या वस्तूवर मात्र ढकलण्याचा परिणाम फिरण्याच्या दिशेनं पाव फेरा पुढे दिसतो. उजव्या हाताच्या बॅकहँडनं डिस्क वरून बघताना घड्याळाच्या काट्यांसारखी फिरते, म्हणून नाकावरचा दाब उजव्या कडेवर उतरतो. उजवी कड खाली, डिस्क उजवीकडे. हा झाला टर्न. पुढे वेग ओसरतो, डिस्क खाली यायला लागते, हवा पोटावर जास्त कोनातून लागते आणि जोराची जागा मध्याच्या पुढे सरकते. आता नाक वर ढकललं जातं आणि पाव फेरा पुढे डावी कड खाली. हा फेड.

समोरचा वारा म्हणजे डिस्कला मिळणाऱ्या हवेचा वेग वाढला, जणू तुम्ही जास्त जोरात फेकलीत. टर्न वाढतो. मागचा वारा उलट, फेड लवकर येतो. स्टेबल डिस्कमध्ये जोराची ही जागा फार मागेपुढे होत नाही. कड जिथे दुमडते ती रेघ किती उंचावर आहे यावर बरंच ठरतं. रेघ उंच, तर डिस्क जास्त ओव्हरस्टेबल.

मास्तर म्हणाले, "हे दहावीच्या पुस्तकात घालायला पाहिजे." पुतणी म्हणाली, नको.

ताजा कलम: अमेरिकेतल्या खेळाडूंचे सल्ले ऐकताना ते कुठल्या उंचीवर खेळतात ते बघायचं. डेन्व्हर समुद्रसपाटीपासून सोळाशे मीटरवर आहे. तिथल्या विरळ हवेत डिस्क जास्त ओव्हरस्टेबल वागते, म्हणून तिकडचे लोक नवख्याला लेपर्डसारखी सहज वळणारी सुचवतात. आपला सडा समुद्राच्या अंगावर आहे. इथे दाट हवेत तीच डिस्क लवकर कलंडते.

२३ नोव्हेंबर, रविवार

जत्रा. रात्रभर दशावतार. सड्यावर कुणी नाही.

३० नोव्हेंबर, रविवार

आज फेकणं कमी, बघणं जास्त. महिनाभर वापरलेली डीएक्स टीबर्ड आणि तितकीच वापरलेली चॅम्पियन उन्हात शेजारी शेजारी धरली.

डीएक्सच्या कडेवरून अंगठा फिरवला तर करवतीवरून फिरवल्यासारखा अडखळतो. जांभा दगड छिद्रांचा आणि धारदार. डिस्क त्यावर नुसती आपटत नाही, फिरत फिरत घासते, आणि प्रत्येक छिद्राची कड प्लास्टिकचा कपचा काढते. काही कपचे नखाएवढे उचकटून उभे राहिलेत. ते बोटाला कापतात म्हणून पॉलिश पेपरनं हलकेच बसवले. झिजलेली कड एवढी गुळगुळीत करायला नियमांत मुभा आहे, घासून आकार बदलायला नाही. चॅम्पियनवर ओरखडे आहेत, दुधाळ पट्टे आहेत, पण कडेची गोलाई शाबूत.

याचा उडण्यावर परिणाम सरळ दिसतो. कड झिजून बोथट झाली तशी डीएक्स अंडरस्टेबल होत चालली. ९ तारखेला भाच्याच्या हातून रेघेवर जाणारी ती डिस्क आज वारा नसताना उजवीकडे कलली. गवताच्या मऊ मैदानावर हे व्हायला कितीतरी जास्त वेळ लागला असता. तिकडची मंडळी डीएक्ससारखं स्वस्त बेसलाइन प्लास्टिक घेऊन हळूहळू मुरवतात, ते त्यांना परवडतं. इथे दगडच मुरवतो, आणि त्याला घाई असते.

म्हणून माझं मत बदलत चाललंय की टीबर्ड घ्यायची की टीएल, हा पहिला प्रश्नच नव्हे. सड्यावर आधी प्लास्टिक ठरवावं लागतं. शिमग्यापर्यंत उडण्याची रीत बदलणार नाही अशी डिस्क नसेल, तर तिच्यावरचे आकडे पाटीवरच्या खडूइतकेच टिकतील.

७ डिसेंबर, रविवार

मावसभाऊ आला. टीएल आल्या, सोबत काजूगराच्या बदल्यात चॉकलेटं. टीएलच्या दोन, दोन्ही चॅम्पियन, एक १७५ ग्रॅम, एक १६७. (कमाल वजन व्यासावर ठरतं: सेंटिमीटरला ८.३ ग्रॅम. २१.२ सेंटिमीटरच्या डिस्कला जवळपास १७६.)

सकाळी पाठवाऱ्यात टीएल उत्तम. टीबर्डपेक्षा शेवटची ओढ कमी, ओंडक्याच्या अगदी अंगावर बसते. पुतणीला १६७ ग्रॅमची लगेच आवडली, आणि तिच्या हातून ती खरोखर सरळ जाते. चॅम्पियन टीबर्ड तिला अजून डावीकडे खेचते. दुपारी तोंडवाऱ्यात भाच्याला टीएल उजवीकडे न्यायला लागली. खाण डावीकडे आहे म्हणून कुणी म्हणेल, उजवीकडे गेली तर बरंच. तसं नाही. फेड असलेली डिस्क खाणीकडे झुकते, पण कुठून झुकणार ते आधी कळतं, त्याप्रमाणे नेम उजवीकडे धरता येतो. कधी उजवीकडे, कधी सरळ जाणाऱ्या डिस्कला नेम कुठे धरायचा?

मास्तरांची पानं आज वाचली. डावखुऱ्यांची फिरकी उलट, त्यामुळे त्यांची टीबर्ड शेवटी उजवीकडे, काजूकडे बसते. खाणीची भीतीच नाही. "मैदान आखताना माझा विचार केलात, धन्यवाद," म्हणाले. भाच्यानं लगेच फोरहँड काढला. उजव्या हाताच्या फोरहँडची फिरकीही तशीच उलटी. पण त्याचा फोरहँड सुटताना डिस्क थरथरते, आणि थरथरणारी डिस्क आकड्यापेक्षा कमी स्टेबल वागते. टीएल थरथरत डावीकडे वळली ती थेट पाण्यात. चॅम्पियन टीबर्डनं तीच थरथर पचवली. १७५ ग्रॅमची टीएल आता खाणीच्या मालकीची.

१४ डिसेंबर, रविवार

सूचना, मंडळाच्या फळ्यावर लावायला: डिस्क बंद गाडीत उन्हात ठेवायच्या नाहीत. एकीवर एक वजन पडलं तर गरम प्लास्टिकला बाक येतो, आणि बाक आलेल्या डिस्कची परीक्षा घेण्यात अर्थ नाही. घामाच्या हाताला टॉवेल बांधा. सड्यावरची बारीक तांबडी माती बोटांना चोळली तरी पकड येते, पण ती नंतर सगळीकडे लागते, आईच्या शिव्या आपापल्या.

२१ डिसेंबर, रविवार

निर्णय झाला. टीबर्ड, चॅम्पियन प्लास्टिक, १७० ते १७५ ग्रॅम, ही मंडळाची ठरलेली डिस्क. दुपारच्या वाऱ्यात, थरथरत्या फोरहँडला आणि दगडाला टिकणारी तीच. टीएल वाईट नाही; वारा पडलेल्या सकाळी मी स्वतः टीएलच घेईन. पण नवख्याला एक डिस्क द्यायची तर ती दोन्ही वेळा एकाच बाजूला बसणारी हवी.

भाच्याचं म्हणणं होतं की लहान पोरांना चॅम्पियन टीबर्ड जड जाईल, आणि ते खरं आहे. पुतणीच्या हातून ती अजून सरळ जात नाही. त्यावर तोडगा डीएक्सच. डीएक्स टीबर्ड नव्या मागवायच्या, पहिले काही आठवडे भाच्यानं आणि त्याच्या दोस्तांनी फेकायच्या. कड झिजून जेव्हा त्यांच्या हातून उजवीकडे कलायला लागतील, तेव्हा त्या लहानांकडे. त्यांच्या कमी वेगाला तीच झिजलेली डिस्क सरळ जाते. दगडाचं काम आपोआप होतं, लेपर्ड वेगळी घ्यावी लागत नाही, आणि पोरांना पहिल्या दिवसापासून टीबर्डचीच कड हातात बसते. पुढे नवी चॅम्पियन घेताना पकड बदलायला नको.

भाचा म्हणाला, "म्हणजे मी डिस्क झिजवायचं मशीन." मास्तर म्हणाले, "रनअप कमी कर, जास्त दिवस टिकतील."

डिस्क हातात आली की पोटाच्या बाजूला मार्करनं तारीख लिहायची आणि कुणाकडून कुणाकडे गेली तेही. फायरबर्ड एकच राहू दे, ऐन वाऱ्यासाठी, भाच्याकडे. थंडरबर्ड त्याची स्वतःची आहे, तिच्यावर मंडळाचा हक्क नाही. हे त्यानंच लिहायला लावलं.

मावसभावाला यादी दिली. चॅम्पियन टीबर्ड सहा: तीन निळ्या, तीन गडद गुलाबी. डीएक्स टीबर्ड चार, रंग तेच. टीएल एक, १६७ च्या आसपास, पुतणीसाठी, पैसे तिच्या वडिलांकडून. बोट परत कधी लागते ते तो फेब्रुवारीत कळवणार आहे.